तळापासून मोजलेले गॅरेज

"छप्पर पुरं करायचं तर मला अजून महिनाभर आजारी राहावं लागेल," असे म्हणत बायकोने रक्तदाबाच्या गोळ्यांचे रिकामे पाकीट टेबलावर टाकले.

"रहा की. मी कुठं घाई करतोय?" पाताळकाका म्हणाले आणि पाकिटाचा चंदेरी कागद सोलू लागले.

तो कागद कंगव्याच्या दातांवर ठेवून नखाने दाबला की त्याला पन्हळी पत्र्याच्या वळ्या पडत. त्यावर विटकरी रंगाचा हात आणि चहाच्या वाळलेल्या चोथ्याची भुकटी फिरवली की पत्रा गंजे. खऱ्या पत्र्याला त्यासाठी कित्येक पावसाळे सोसावे लागले होते.

तो खरा पत्रा आता भंगारात होता. कंपनीने जुने गॅरेज पाडून तेथे काचेचे शोरूम उभारले होते. संस्थांना आपल्या भूतकाळाविषयी प्रेम वाटू लागते ते सहसा त्याचा राडारोडा उचलून झाल्यावर. या नियमाला कंपनीही अपवाद नव्हती. उद्घाटनाच्या दिवशी दर्शनी भागात मूळ गॅरेजची छोटी प्रतिकृती असावी, असा ठराव झाला. बाहेरच्या कलावंताने खर्चाचा अंदाज दिला तेव्हा हा उमाळा थोडा ओसरला आणि निवृत्त मेकॅनिकांपैकी एकजण खेळण्यांतल्या गाड्या दुरुस्त करतो, हे कोणाला तरी आठवले. पाताळकाकांच्या हाती जी रक्कम पडली तिच्यात डिंक, ब्लेड आणि एक मोडकी खेळण्यातली गाडी आली. बाकीचे सारे घरातून निघाले. औषधांच्या खोक्यांच्या भिंती झाल्या, पॉलिशपेपरची फरशी झाली, संपलेल्या रिफिलींचे सायलेन्सर झाले. बंद पडलेल्या गजराच्या घड्याळाने आपली चाके कोपऱ्यातल्या भंगाराच्या ढिगासाठी दिली.

पाताळकाका हे नाव त्यांना गॅरेजनेच दिले होते. गाडीखाली उभे राहून काम करण्यासाठी जमिनीत जो लांबट खड्डा असतो, त्यात त्यांची सारी नोकरी गेली. गिऱ्हाईक बोले ते वरच्या फोरमनशी; खालच्या माणसाला पाना हवा असला की तो हात वर काढी, आणि गिऱ्हाईक बूट जरा मागे घेई.

भिंती उभ्या राहिल्या त्या दिवशी जुना सोबती डेंटर पाहायला आला. पोचे काढण्यात हयात घालवलेला हा माणूस कोणत्याही वस्तूत आधी पोचा शोधी.

"गाडी झकास. जॅक झकास," प्रतिकृतीभोवती फेरी मारून तो म्हणाला. "पण काय रे पाताळ्या, हे गॅरेज आहे का सिनेमाचं थेटर? छप्पर बघ कुठं गेलंय."

"उंची बरोबर आहे. डोळे मिटले तरी दिसतंय मला."

"मग आता उघडून बघ. स्टुलावर चढून मी आढ्याचा पंखा पुसायचो. इथं शिडी लागेल."

पाताळकाकांनी पट्टी लावली आणि कागदावर हिशेब केला. भिंती नेमक्या खड्ड्याच्या खोलीइतक्या जास्त झाल्या होत्या. छप्पर आठवताना त्यांनी ते तळापासून मोजले होते. जिथे आयुष्यभर पाय टेकले त्या तळालाच त्यांच्या मनाने जमीन धरले होते.

"झालं असेल, झालं असेल," डेंटर हळू आवाजात म्हणाला. "काप नि मोकळा हो."

चूक ती चूक. त्यांनी भिंती कापल्या. परंतु त्या दिवसापासून ते प्रतिकृतीकडे वरून पाहीनासे झाले.

पुढच्या आठवड्यात कंपनीच्या जनसंपर्क विभागाच्या मॅडम आल्या. त्या दुष्ट नव्हत्या. अशी कामे दुष्ट माणसांकडे सोपवलेली क्वचितच आढळतात.

"काका, कमाल केलीत! खरंच," त्या म्हणाल्या. मग त्यांनी गाडी उचलून उलटी केली. तिच्या पोटाखाली तेलाची टाकी, आस, ब्रेकच्या केसाएवढ्या नळ्या, सारे जागच्या जागी होते. "पण हे खाली एवढं काम कशाला केलंत? कोणाला दिसणार आहे?"

प्रश्न अगदी निरागस होता. वर उभ्या असलेल्यांनी तो प्रत्येक पिढीत इतक्याच निरागसपणे विचारलेला आहे.

"आणि हा खड्डा तेवढा बुजवाल का? मोठी माणसं येणारेत, खड्डा बरा नाही दिसत. तिथं गाडी वर उचलणारी एक छान लिफ्ट दाखवू."

"लिफ्ट नव्हती आमच्याकडे."

"असू दे हो, कोण तपासतंय? शुक्रवारपर्यंत करा. नाहीतर मग आपण नुसता फोटो लावू."

त्या गेल्यावर बायको दारातच उभी राहिली. "काय ठरवलंत?"

"बुजवायचा नाही."

"आणि मी सगळ्या इमारतीला उद्घाटनाचं सांगून बसलेय, त्याचं काय? आता काय सांगू, आमच्या ह्यांना खड्डा फार आवडतो म्हणून?"

पाताळकाकांनी हॅकसॉ काढली. भिंती पुन्हा कापणार असे बायकोला वाटले. पण त्यांनी प्रतिकृती आडवी केली आणि खड्ड्याचा तळ, खालच्या फळीसकट, कापून काढला. मग ती दोन उंच स्टुलांवर ठेवली आणि छपराखालचा इवलासा दिवा लावला.

"इकडे ये. खाली बस आणि वर बघ."

"माझे गुडघे काय म्हणतील?"

"मी विचारलंय त्यांना."

ती कुरकुरत बसली, स्टुलांच्या मधे सरकली आणि तिने मान वर केली. गॅरेजच्या फाटकाच्या आत ती कधी गेली नव्हती. डबा फाटकातच घेतला जाई. आता तिच्या डोळ्यांवर गाडीचे काळे पोट आले होते, आणि त्याच्या कडेने, दूर, गंजक्या पत्र्याची एक अरुंद पट्टी उजळली होती.

"एवढंच दिसायचं तुम्हाला?"

"एवढंच."

"पत्रा किती लांब वाटतो हो इथून."

"म्हणून तर चुकलो होतो."

ती बाहेर आली नाही. एकेक नळी बोटाने दाखवून तिने नावे विचारली, आणि पाताळकाकांनी ती सांगितली. आपल्या खात्याची माहिती कोणी प्रथमच विचारावी अशा अधिकाऱ्यासारखी, सविस्तर.

शुक्रवारी त्यांनी फोन केला. "मॅडम, फोटोच लावा."

संध्याकाळी बेल वाजली. वरच्या मजल्यावरचे बँकेतले साहेब कुटुंबासह दारात होते. "काय काका, कधी न्यायचंय मग आम्हाला उद्घाटनाला?"

पाताळकाका काही बोलण्याआधी बायकोने दार पूर्ण उघडले.

"उद्घाटन इथंच आहे. या ना. पण खाली बसावं लागेल हं, वरून काही दिसत नाही."

साहेबांनी तिच्याकडे पाहिले, मग स्टुलांकडे. मग विजारीची इस्त्री सांभाळत त्यांनी एक गुडघा फरशीवर टेकला आणि थोड्या वेळाने दुसरा.