उंबऱ्याबाहेरची स्प्लिंट

मित्रांनो, माझे वय जेमतेम नऊ महिने. पण चपलांच्या शेजारी धूळ खाऊन मी आताच म्हातारी झाले आहे. तळवा आणि पोटरी धरून ठेवणारी, पांढऱ्या प्लॅस्टिकची पायाची स्प्लिंट ती मी.

माझा जन्म शाहूपुरीतल्या एका लहानशा कारखान्यात झाला. माधव नावाच्या कारागिराने कोडोलीच्या संयोगिताच्या पायाचा साचा घेतला, तापवलेले प्लॅस्टिक त्यावर बसवले आणि कडा घासून गुळगुळीत केल्या. "अगदी फिट्ट बसली," असे तो म्हणाला, तेव्हा मला केवढा अभिमान वाटला होता.

संयोगिताच्या गोठ्यात चार म्हशी. वैरण कापताना यंत्राचा पत्रा सुटून तिच्या गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला लागला आणि पाऊल उचलणारी नस तुटली. पाऊल लोंबू लागले. डॉक्टर अदितींनी दुसऱ्या पायातली, जिच्यावाचून फारसे अडत नाही अशी एक नस काढून तिथे जोडली. नस दिवसाला जेमतेम एक मिलिमीटर वाढते. ती स्नायूपर्यंत पोचायला सात-आठ महिने लागणार होते. तोवर टाच आखडू नये म्हणून मी. उठता-बसता, झोपतानाही मी पायात हवी, असे डॉक्टरांनी बजावले होते.

पण घरी पोचताच माशी शिंकली. माझ्यावर बूट चढवलेला पाहून संयोगिताची सासू, आक्का, म्हणाली, "पायातलं हाय ते. भायेरच ऱ्हाऊ दे. चुलीपाशी, देवापाशी कशाला आणतीस?"

झाले. संयोगिता मला निमूटपणे दाराबाहेर काढून ठेवू लागली. दवाखान्याच्या फेरीला तेवढी घालायची. गोठ्यातही नाही, का तर मला शेण लागेल. आतून पाऊल फरफटल्याचा आवाज यायचा आणि मी चडफडत बसायचे. आक्का वाईट नव्हती हो. सुनेच्या पायासाठी ती जोतिबाला नवस बोलली होती. पण ज्या वस्तूवर पाय अवलंबून होता, तिला काही ती उंबरा ओलांडू देईना.

आठव्या महिन्यात डॉक्टरांनी नडगीशेजारी बोट ठेवले. स्नायू हलला. नस पोचली होती. तरी पाऊल वर येईना, कारण टाच आखडून बसली होती.

"स्प्लिंट घरात घालता ना?" डॉक्टरांनी विचारले.

सोबत आलेली आक्काच बोलली, "घरात पायताण कोण घालतंय व्हय, बाई?"

डॉक्टर म्हणाल्या, "आक्का, हे पायताण नाही. सध्या हाच तिचा पाय आहे. पाय कुणी उंबऱ्याबाहेर काढून ठेवतं का?"

आता टाच सैल करायला दर आठवड्याला नवे प्लॅस्टर घालतात. तेवढ्याने भागले नाही तर पुन्हा शस्त्रक्रिया. बिचारी नस मुंगीच्या पावलांनी एवढ्या लांब आली आणि इथे तिच्यासाठी काहीच तयार नव्हते. नुसत्या आठवणीने माझा संताप होतो.

त्या दिवशी घरी आल्यावर आक्काने मला चपलांतून उचलले. न्हाणीत साबणाने धुतले, पदराने पुसले आणि देवाच्या फळीखाली ठेवले. "पलास्टर निघालं की घाल. घरात घाल," ती सुनेला म्हणाली. "चुकलंच माझं."

माझी धूळ गेली. वाया गेलेले महिने मात्र परत येत नाहीत.

मित्रांनो, मला जपून ठेवू नका, घालून घालून झिजवा. संयोगिताचे पाऊल एक दिवस आपणहून उचलेल. त्या दिवशी मला खुशाल उंबऱ्याबाहेर ठेवा. पण त्याआधी नाही.