कानावरचा लाल दोरा

मी टोप बोलतेय. नाटकात म्हातारीचं सोंग घेताना डोक्यावर चढवतेत, त्यो पांढऱ्या केसांचा टोप. टोप म्हनल्यावर 'बोलतोय' म्हनायला पायजे, मास्तर असता तर हातावर छडी दिली असती. पर मपले केस बाईचे, जीभबी बाईचीच. अन् जिच्या डोक्यावर मी उगवले ती अंजना दुसरीतूनच शाळा सोडून पळालती. तवा चुकलं-माकलं पोटात घाला.

तेलगावच्या बाजूला आमचं गाव. राधाकिशनच्या घरात वसरीच्या खांबाला खिळा हाय, तिथं मी टांगलेली असते. नवा पाव्हना दारातून आत आला की बिनमुंडक्याचे केस बघून दचकतो. मला लई मजा वाटायची. वाटायची म्हनते, आता न्हाई वाटत. कावून, ते सांगते.

अंजना म्हंजे राधाकिशनची माय. लई खोडील बाई. पाव्हन्याच्या चहात मीठ घालायची अन् वर इचारायची, "साखर कमी पडली का हो?" बाया केस इंचरले की गुंतवळ साठवून ठेवतेत, अन् भांडेवाली आली की तिला देऊन वाटी न्हाईतर चमचा घेतेत. अंजनाचं तीन वर्साचं पांढरं गुंतवळ कोनाड्यात कोंबलेलं हुतं.

चाळीस वर्सं झाली त्याला. गावच्या जत्रेत नाटक व्हायचं, दर वर्सी तेच. राधाकिशनला त्यात खाष्ट सासूचं काम मिळालं. तवा बाईचं काम बाप्येच करायचे. मंडळाचा टोप सुतळीचा. त्यो घालून पोरगा मायसमोर हुबा ऱ्हायला, तर माय हसून हसून खाली बसली.

"आरं, ही सासू हाय का केरसुनी?"

मंग तिनं कोनाडा रिकामा केला. पिशवी घेऊन सोता बीडला गेली, जमील गादीवाल्याकडं. जमीलभाईनं ते केस रिठ्याच्या पान्यात भिजवले, एक एक बट सोडवली, अन् जुन्या टोपीवर शिवत बसला. आठ दिवस. अंजना न्यायला गेली तवा त्यो डाव्या कानावर आलता, अन् पांढरा दोरा संपला.

"मावशी, उद्या या. दोरा आणून ठेवतो."

"लाल हाय का? लावा लाल."

"लाल दिसंल ना, मावशी."

"दिसू द्या की. माय गर्दीत हरवली तर पोराला वळखायला खून नको का?"

असा मपला जलम झाला. डाव्या कानाच्या वर चार बोटं लाल टाका. त्यो ध्यानात ठेवा.

नाटकातली सासू लई वंगाळ. सुनेला उपाशी ठेवती, उन्हात हुबी करती, समोरचं ताट लाथाडती. राधाकिशन ते करायचा तवा समोरच्या बाया बोटं मोडायच्या. एकदा एकीनं चप्पल फेकली, ती मपल्या अंबाड्यात अडकली. अन् शेवटच्या अंकात सासू आंधळी व्हायची. सून तिला मांडीवर घेऊन घास भरवायची. ती सासू सुनेचे हात चाचपून इचारायची, "पोरी, तू जेवलीस का गं?" एवढंच वाक्य. पर ज्या बाईनं चप्पल फेकलती, तीच पदर तोंडात घालून रडत हुती. मी डोळ्यानं बघितलंय. डोळे राधाकिशनचे, पर बघितलं मीच.

नाटक संपलं की आमच्या गावात एक रीत. त्या वर्सी गावात ज्या नव्या सुना आल्या, त्या रांगेनं यायच्या अन् सासूचा टोप एकदा वढायच्या. वर्सातून एकदा, सगळ्या गावादेखत, सासूच्या झिंज्या! लाजत यायच्या, अन् हात घातला की अशा वढायच्या की राधाकिशनची मान लचकायची. सासवा मागं हुब्या ऱ्हाऊन हसायच्या. अंजना तर वरडायची, "वढा गं, जोरात वढा! मपलेच केस हायत, मला काय बी व्हत न्हाई!" ज्या सुनेनं चांगलं हिसडलं, तिच्या पोटातलं वर्सभराचं निम्मं दुखनं तिथंच गळून पडायचं. ते मला मुळापसून कळायचं.

अंजना गेली. मी ऱ्हायले. राधाकिशनचे सोताचे केस पांढरे झाले, तरी त्यो मलाच घालायचा. "मायचं डोकं डोक्यावर असलं की वाक्य इसरत न्हाई," म्हनायचा.

मागच्या वर्सी जत्रा झाल्यावर त्याच्या पोराचं लगीन झालं. सून विजयमाला, पालीची. आता बायाबी नाटकात काम करतेत, अन् ही पोरगी धीट. म्हनली, "मामा, सुनेचं काम मी करते." राधाकिशनची बायको सत्यभामा चुलीपसून वरडली, "कर बाई. घरातली सासू लाथ मारीना, तर नाटकातली तरी मारू दे!"

ही सत्यभामा म्हंजे मुंगीला वाट देनारी. सून भाकरी खाईपर्यंत तिच्यापुढनं उठायची न्हाई.

फाल्गुनात तालीम घरच्याच अंगणात झाली, भर दुपारी. राधाकिशन लुगडं नेसून, मला घालून. विजयमाला चुलीपुढं बसलेली. त्यानं ताट लाथाडलं, भाकरी धुळीत गेली, पोरगी हमसून रडली. झाक काम झालं. पेटी वाजवनारा मुंजाजी खुशीत आला. त्यानं मोबाइलवर तेवढंच धरलं अन् गावाच्या ग्रुपवर टाकलं. खाली लिहिलं, 'यंदाची तालीम. जत्रेला समद्यांनी या.'

मुंजाजीच्या मनात पाप नव्हतं. पर कुनीतरी ते पुढं धाडलं, अन् खालचं लिहिलेलं मागंच ऱ्हायलं. तिसऱ्या हाताला गेलं तवा वर दुसरंच चिकटलं, 'बघा ही सासू का राक्षीन.' पाचव्या हाताला गेलं तवा गावाचं नाव, अन् राधाकिशनची बायको म्हनून सत्यभामाचं नाव.

चौथ्या दिवशी विजयमालाचा बाप मोहनराव पालीहून आला. चप्पल न काढता वसरीत.

"इवाई, मपली पोरगी काय रस्त्यावर पडली हुती का? बोलवा तुमच्या मंडळीला!"

राधाकिशन उठला. खिळ्यावरनं मला काढलं अन् डोक्यावर ठेवलं. मोहनरावनं बघितलं. मोबाइलात बघितलं. परत त्याच्याकडं बघितलं अन् मटकन खाली बसला.

"आयला इवाई... तुमी हाव व्हय बे ही!"

इवायाला बे म्हनला, इतका गडबडला. समदे हसले. सत्यभामाबी हसली, चहा ठेवला. मला वाटलं मिटलं.

पर जो घरी आला त्याला सांगता आलं. जे आलेच न्हाईत, त्यांना कुठं गाठायचं?

सत्यभामा तेलगावच्या बाजाराला गेली. मिरच्या निवडत हुती, तर एक अनोळखी बाई शेजारनीला म्हनली, "हीच बघ ती, ताट लाथाडनारी." मिरचीवालीनं तिच्या हातातल्या मिरच्या काढून घेतल्या. सत्यभामा रिकामी पिशवी घेऊन आली अन् मपल्या खालीच खांबाला टेकून बसली. "मी काय करू गं," एवढंच म्हनली. कुनाला म्हनली, ठावं न्हाई. मी तर वरच हुते. मला बोलता येतंय का?

लेक रोहिणी शिकलेली. ती म्हनली, "बापू, खरं सांगनारा व्हिडिओ टाकू." राधाकिशन मला घालून त्याच चुलीपुढं बसला. म्हनला, "मी राधाकिशन. ही तालीम हुती. मपल्या बायकोनं आजवर कुनाचं ताट सरकवलंबी न्हाई." अन् मला काढून दाखवलं. लई थोड्यांनी बघितलं. त्यातल्या एकानं लिहिलं, 'बायकोला वाचवायला नवऱ्यानं लुगडं नेसलं!' खाली हसनारी तोंडं.

कानाच्या वर लाल टाका त्या पहिल्या व्हिडिओत सुदीक दिसतोय. सरळ दिसतोय. कुनी बघितलाच न्हाई.

मंग जत्रेच्या कमिटीनं ठरवलं, यंदा नाटक नको, गावाचं नाव खराब झालंय. ऑर्केस्ट्रा आनला. चाळीस वर्सात पयल्यांदा राधाकिशननं जत्रेत खुर्च्या लावल्या.

घरात आता कुनी मोठ्यानं बोलत न्हाई. सत्यभामा "विजे!" अशी हाक मारती अन् लगेच तोंडावर हात ठेवती, दाराकडं बघती. सुनेपुढं ताट ठेवायचं तर दोन्ही हातांनी ठेवती, जसं काय कुनी मोजतंय.

जत्रेच्या दिवशी दुपारी घरात दोघीच हुत्या. लांबून कर्ण्याचा आवाज येत हुता. सत्यभामानं मला खिळ्यावरनं काढलं अन् सोताच्या डोक्यावर चढवलं. सुनेपुढं फतकल मारून बसली.

"विजे, वढ."

"आत्या, काय बी काय!"

"रीत हाय गं. यंदा तू बी नवी सूनच की. वढ. लोकांनी एवढं वंगाळ ठरवलंच हाय मला, तर एक हिसका तरी खाऊ दे."

असं म्हनून ती हसली. महिन्यानं हसली. विजयमालाबी हसली. तिनं हात वर केला, बोटं मपल्या केसात घातली, मूठ आवळली. मी वाट बघत हुते. वढ गं पोरी, मला काय बी व्हत न्हाई.

अन् तिची नजर उघड्या दाराकडं गेली. रस्त्यानं कुनी जात हुतं, हातात मोबाइल हुता. त्यो त्याच्या त्याच्या वाटंनं चाललाता. पर पोरीची मूठ सुटली. ती उठली, दार लावून आली. तवर सत्यभामानं मला काढून परत खिळ्यावर टांगलं हुतं.

"ऱ्हाऊ दे," म्हनली. "चल, जेवून घे."

तवापसून मी हितंच हाय. केस झडायलेत. मला पाय न्हाईत, न्हाईतर घरोघर जाऊन सांगितलं असतं. तुमच्या हातात कधी ती ताट लाथाडनारी म्हातारी आली, तर पुढं धाडायच्या आधी जरा थांबा. तिच्या डाव्या कानाच्या वर बघा, चार बोटं. लाल दोरा दिसंल.

ती मी हाय. सत्यभामा न्हाई. तिला मिरच्या द्या.