मालोजींच्या माळ्यावरचा पंखा

मी पंखा. टेबलावर ठेवायचा, निळ्या पात्यांचा. या घरात आलो त्या दिवसापासून घरधन्यानं माझा रागच केला.

मला बेंगळुरातल्या चिकपेटेच्या बाजारातून या घरच्या सुनेनं, भव्यानं आणलं. ती नवऱ्याबरोबर व्हाइटफील्डला राहते. सासू-सासरे मात्र चिकपेटेमागच्या गल्लीत, पत्र्याच्या घरात. सासरे मालोजी, जन्मभर शिंपीकाम केलेले. त्यांनी खोक्याकडे पाहिलं.

"हे कुणाला?"

"तुम्हा दोघांना, मामंजी. ऊन फार वाढलंय."

"पंखा मद्रासच्या माणसाला लागतो. आम्ही इथले."

ती गेल्यावर त्यांनी मला माळ्यावर ढकललं, तापल्या पत्र्याखाली. खोक्याला एक भोक होतं, त्यातून मी घर बघत असे.

गल्लीतल्या जुन्या माणसांचा हा अभिमानच होता. बेंगळुरात जन्मलेल्याच्या घरात पंखा नसतो. दिसला तर माणूस बाहेरचा, नाहीतर खचलेला. एके काळी वैशाखातही पहाटे चादर ओढावी लागे, म्हणतात. आता दिवे लागल्यावरही पत्रा निवत नव्हता. समोरच्या नव्या इमारतीतल्या एसीची गरम हवा थेट आमच्या खिडकीवर यायची, म्हणून खिडकी बंद. अभिमान तेवढा उघडा.

मालोजींची बायको सगुणाबाई. पाय सुजलेले, रक्तदाबाची गोळी चालू. दुपारी उघड्या फरशीवर पडून राहत.

"अहो, तो पंखा स्वल्प लावून बघू या का?"

"लोक हसतील."

"हसू देत. मला दम लागतोय."

"तुला सगळंच लागतं."

तेवढ्यात शेजारचे गुंडो दारात आले. मालोजींचे लहानपणापासूनचे सोबती.

"काय अण्णा, सुनेनं पंखा दिला म्हणे. उद्या पाळण्यात घालून झोके देईल."

"माळ्यावर पडलाय. नेतोस?"

"माझ्या घरात? चपलेनं मारीन त्याला."

दोघं हसले. सगुणाबाई भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या.

दुसऱ्या दुपारी मालोजी गुंडोंच्या ओट्यावर गप्पा मारत बसले. सगुणाबाईंनी स्टूल सरकवलं, चढल्या, माझ्या खोक्याला हात घातला. हात चटका बसावा इतका तापलेला होता. मग तो सुटला. त्या खाली पडल्या आणि त्यांच्यावर मी.

मालोजी आले तेव्हा त्या शुद्धीत नव्हत्या. त्यांनी पाणी मारलं, नाव घेऊन हाका मारल्या, जे जन्मात कधी चारचौघांत घेतलं नव्हतं. गुंडोंनी रिक्षा आणली.

डॉक्टर म्हणाले, उष्माघात. स्टूलवरून पडण्याआधीच अंग पेटलं होतं.

सगुणाबाई घरी आल्या. कंबर अधू झाली. मालोजींनी मला खोक्यातून काढून त्यांच्या खाटेजवळ ठेवलं. गुंडो दारात येऊन म्हणाले, "शेवटी लावलास."

"लावला," मालोजी म्हणाले. "तूही लाव. नाही लावायचा तर या दारात येऊ नकोस."

गुंडो पुन्हा आले नाहीत.

मीही फार काही करू शकत नाही. भर दुपारी गरम हवाच ढकलतो. पण तुमच्या घरात म्हातारं माणूस असेल आणि माझा कुणी भाऊ खोक्यात पडला असेल, तर परवानगी मागत बसू नका. त्याला उतरवा.

सगुणाबाई मालोजींशी बोलत नाहीत. ते जवळ बसले की त्या माझं तोंड त्यांच्यापासून दुसरीकडे वळवतात. काल दुपारी वीज गेली, मी थांबलो. मालोजी उठले, पेपराची घडी करून त्यांना वारा घालू लागले. हात भरून आला, तरी घालत राहिले. बऱ्याच वेळानं सगुणाबाई डोळे न उघडता म्हणाल्या,

"जोरात."