मनोऱ्याचे सांधे

पाण्याचा तो मनोरा लांबून किल्ल्याच्या बुरुजासारखा दिसे. आठ बाजू, टोकदार कमानी, माथ्यावर कंगोरे; खिडक्यांतल्या निम्म्या तर नुसत्या देखाव्याच्या, मागे वीटच. व्हिक्टोरियन काळातल्या बांधणाऱ्यांना उघडी लोखंडी टाकी बरी दिसेना, म्हणून त्यांनी तिला लाल विटांचा हा अंगरखा चढवला होता.

तो अंगरखा आता झडत होता. दुरुस्तीचं काम गवंड्याच्या मुलीला मिळालं. तीही गवंडीच. परांचीवर चढताच तिला कारण दिसलं, आणि घरी बाबांना ते कोणत्या तोंडानं सांगावं, हा प्रश्न पडला.

जुनी भिंत ओल शोषते आणि पुन्हा बाहेर सोडते. विटांमधला चुना मऊ असतो, ओल त्याच्यातून निघून जाते. झिजलाच तर चुना झिजतो. तो परत भरता येतो. पण सांध्यांत सिमेंट भरलं की ती वाट बंद होते. मग ओल विटेतून बाहेर पडू पाहते आणि विटेचाच भुगा होतो. इथे विटा झिजून आत गेल्या होत्या आणि सिमेंटच्या रेघा तेवढ्या जाळीसारख्या उभ्या होत्या.

ते सिमेंट बाबांनी तरुणपणी भरलं होतं. आलेल्या पाहुण्याला मनोरा दाखवल्याशिवाय ते अजूनही घरी परतू देत नसत.

जेवताना बाबा विचारायचे, काम कुठवर आलं? ती म्हणायची, सध्या भिंत धुणं चाललंय. शेवटी एका सकाळी ते काठी टेकत स्वतःच आले. ती खाली उतरेपर्यंत त्यांचा हात भिंतीवर होता. बोटांना लाल भुकटी लागली होती.

"बरीच जोरात अंघोळ घातलीस गं," ते म्हणाले. "कातडीच निघाली."

तिला हसू आलं नाही. "बाबा, सिमेंट काढावं लागेल. सगळं."

बाबांनी बोटांवरची भुकटी झटकली. मग त्यांनी तिला कधीच न सांगितलेली गोष्ट सांगितली. सिमेंट भरायच्या वेळी आजोबा इथेच, खाली उभे राहून चुना वापर म्हणत होते. बाबांनी वरून सगळ्या गड्यांदेखत ओरडून सांगितलं, तुमच्या चुन्यानं कोंबड्यांचं खुराडं रंगवा. गडी खो खो हसले. आजोबा बादली उचलून निघून गेले, ते पुन्हा या रस्त्याला फिरकले नाहीत.

"तुला कुणी शिकवलं चुन्याचं?" त्यांनी विचारलं.

"आजोबांनी. तुम्ही कामावर गेलात की, मागच्या अंगणात."

"माझ्याबद्दल काही म्हणायचे?"

"तुमचा हात चांगला आहे, एवढंच."

बाबांनी छिन्नी-हातोडी मागितली. डोळ्यांसमोरच्या सांध्यावर छिन्नी धरून त्यांनी अंगात होता तेवढा जोर लावला. सिमेंट जागचं हललं नाही. शेजारच्या विटेचा टवका मात्र उडून त्यांच्या पायाशी पडला.