तळाशी गेलेली सुनंदा

सुनंदा ऐकायची ती डोळे मिटून. फाल्गुनातल्या कोवळ्या उन्हात, श्रीगोंद्याजवळच्या आमच्या मळ्यातल्या विहिरीच्या काठावर ती पालथी पडे, पाण्यात खडा टाकी, आणि त्याचा आवाज वर येईपर्यंत तिच्या चेहऱ्यावर अशी निश्चलता पसरे की शेजारच्या उसाची सळसळही मला परकी वाटे. मी तिची सहा वर्षांनी मोठी बहीण. तिचा फ्रॉक मुठीत घट्ट धरून मागे बसलेली. कुतूहल तिच्या वाट्याला आले होते, भय माझ्या.

पुढे हे ऐकणेच तिचा व्यवसाय झाले. संशोधनाच्या जहाजावर राहून ती समुद्रतळाचे नकाशे काढू लागली. जहाजातून ध्वनी खाली सोडायचा, तळावर आदळून तो परतायला किती वेळ लागला त्यावरून खोली ठरवायची, आणि असंख्य प्रतिध्वनींतून कोणीही न पाहिलेले डोंगर, कोणीही न उतरलेल्या दऱ्या कागदावर उभ्या करायच्या. सुट्टीत आली की ओसरीवर ती ते नकाशे पसरी. आई त्या निळ्या-जांभळ्या रंगांवरून आपला खरखरीत हात फिरवीत विचारी, "हितं उजेडच न्हाई म्हनतीस, मग जित्राबं राहत्यात कशी?"

"काही जण आपला उजेड आपणच करतात, आई."

मागच्या उन्हाळ्याच्या तोंडाशी, स्वतःच रेखाटलेल्या समुद्रतळाच्या एका उतारावरचे जीव पाहायला ती तिघांच्या लहानशा पाणबुडीतून खाली जाणार होती. "दुपारी दोनपर्यंत वर येईन, ताई. आल्याबरोबर फोन करते," एवढेच म्हणाली.

त्या दुपारी अंगणात आम्ही कुरडया घालत होतो. दोन वाजले, अडीच झाले. तीनला मी तिच्या किनाऱ्यावरच्या कार्यालयात फोन केला. पलीकडचा माणूस एकेक शब्द तोलून बोलत होता. "पाणबुडी खालीच आहे. बऱ्याच वेळापासून त्यांचा आवाज येत नाही. आमचे प्रयत्न चालू आहेत."

कॉलेजात इतकी वर्षे मराठी शिकवणाऱ्या मला आईला सांगायला एक धड वाक्य सापडेना. तिने माझ्या तोंडाकडे पाहिले.

"काय म्हनला त्यो?"

"आवाज येत नाहीये म्हणे."

"आवाज न्हाई म्हंजी काय? मान्सं हायेत न्हवं आत?"

आई हातातला सोऱ्या तसाच धरून बसली. पातेल्यातला गव्हाचा चीक निवत गेला, घट्ट झाला. ऊन अंगणातून सरकत भिंतीवर चढले. रस्त्यावरून उसाच्या ट्रॉल्या खडखडत गेल्या, चारला कारखान्याचा भोंगा झाला, आणि फोन ऐकू यावा म्हणून साऱ्या जगाने गप्प व्हावे असे मला वाटत राहिले. तो वाजलाच तर काय ऐकावे लागेल, या विचाराने तो वाजूच नये असेही वाटे.

साडेपाचच्या सुमारास तो वाजला. "ताई, वर आले."

आईने फोन ओढून घेतला. "बोल बाई," ती म्हणाली, "काय बी बोल, पर बोलत ऱ्हा."

पंधरा दिवसांनी सुनंदा घरी आली. हसत होती, पण दोरीवरच्या ओल्या लुगड्याचे पाणी मानेवर ठिबकले तशी ती जागच्या जागी थिजली. मग तिथेच, पायरीवर बसून, तिने सांगितले.

तळाशी पोचल्यावर आधी वरच्या जहाजावरून येणारा आवाज बंद पडला, मग दिवे गेले. त्या आंधळ्या थंडीत तिच्या मानेवर एक थेंब पडला. वर समुद्राचा डोंगराएवढा भार. भिंतीला केसाएवढी चीर गेली असेल तर सारे संपलेच होते. सोबतच्या दोघांना सांगायचा तिला धीर होईना. "तो थेंब बोटावर घेतला, ताई, आणि जिभेला लावला." ती म्हणाली. "खारट नव्हता. आमच्याच श्वासांची वाफ गार भिंतीवर साचून ठिबकत होती."

तेवढ्यात खिडकीबाहेरून निळ्या ठिणग्यांची एक लांब माळ संथपणे निघून गेली. कुठलासा मऊ, पारदर्शक जीव. "इतकं सुंदर मी काही पाहिलं नव्हतं, आणि इतकी घाबरलेही नव्हते." मग चालकाने पाणबुडीला बांधलेली लोखंडी वजने सोडून दिली, आणि त्या अंधारातच ते वर येऊ लागले.

दिवाळीनंतरच्या फेरीतही तिचे नाव होते. निघण्याच्या आदल्या दिवशी तिने विचारले, "आई, जाऊ का?"

आई गहू निवडत होती. "मला लई भ्या वाटतंय," ती म्हणाली. "पर तू हितं बसून तिकडंच बघत ऱ्हानार आसशील, तर जा."

ती गेली, त्यानंतर दोनदा उतरली, दोनदा सुखरूप परतली. त्या दुपारचे ते साडेतीन तास केव्हाच सरले, हे मला ठाऊक आहे. तरी ती दूर असली की ते माझ्यात पुन्हा पहिल्या मिनिटापासून सुरू होतात. आणि ती परतून समोर बसलेली असतानाही त्यांतला एखादा तास अजून संपलेला नसतो.