रिलीजचा कागद

वर्षालीच्या हातून काही पडलं की नवऱ्याचा, नवनाथचा हात तिच्या गालावर पडायचा. महाळुंग्यातल्या त्या दोन खोल्यांत हे रोजचंच झालं होतं. सोमवारी वाटी, मंगळवारी तांब्या आणि त्या दिवशी तर दुधाचं पातेलं. तापलेलं दूध फरशीभर झालं आणि तिच्या कानाखाली असा जाळ निघाला की शेजारच्या परवीनचं शिलाई मशीनही थांबलं.

"हाताला मेहंदी लावलीय का गं?" नवनाथ ओरडला.

"अहो, अंगठ्यात कळ येतीय. पकडच राहत न्हाई."

"ओव्हरटाइम लागला की बरी कळ येती तुला!"

सासू सोजरबाई नातीला, आठ महिन्यांच्या निशिगंधाला, मांडीवर घेऊन बसली होती. तिनं वर मानसुद्धा केली नाही. "पोटुशी असताना मी मोळ्या वाहिल्या. मला न्हाई कधी अंगठा दुखला," म्हणाली.

खरं सांगा, हे वाक्य आपल्यापैकी कुणाच्या घरात बोललं गेलेलं नाही?

वर्षाली चाकणच्या एका कंपनीत लायनवर होती. गाडीच्या वायरींवर प्लास्टिकच्या क्लिपा बसवायच्या, 'कट' असा आवाज येईपर्यंत अंगठ्यानं दाबायच्या. एका शिफ्टला हजारभर. घरी आलं की त्याच हातानं लेकरू उचलायचं, कपडे पिळायचे, भाकरी थापायच्या. अंगठ्याच्या बाजूनं मनगट सुजून टरारलं होतं. पट्टा बांधून झाला, दोन इंजेक्शनं झाली, फरक नाही.

"शीर चढलीय," सोजरबाईनं निकाल दिला आणि ज्योतीरामला बोलावलं. हा बाजारात बसून लोकांचे हातपाय ओढायचा. सोजरबाईनं सुनेला आडवं पाडलं, छातीवर गुडघा दिला, तोंडात पदराचा बोळा कोंबला. ज्योतीरामनं अंगठा धरून झटका मारला. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा! वर्षालीचे डोळे पांढरे झाले. मग त्यानं बिबा तापवला आणि त्याचं उकळतं तेल मनगटावर ओढलं. सकाळी तिथे करवंदाएवढे फोड आले. दारातून डोकावणाऱ्या बाया म्हणाल्या, "उतरतंय बरं दुखणं!"

अगं बायांनो, दुखणं उतरत नव्हतं, कातडी उतरत होती!

परवीननं मात्र ते मनगट बघितलं आणि कपाळाला हात लावला. "या अल्ला! चल, ऊठ. माझ्या अंगठ्याचं असंच झालं होतं." तिनं वर्षालीला चिंचवडला डॉक्टर विजयश्रींकडे नेलं.

डॉक्टरीणबाईंनी तिला अंगठा आत घालून मूठ मिटायला सांगितली आणि मनगट करंगळीकडे अलगद झुकवलं. वर्षाली किंचाळली.

"शीर-बीर काही चढलेली नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "अंगठा हलवणाऱ्या दोऱ्या इथून एका म्यानातून जातात. ते म्यान सुजून आवळलंय, आतल्या दोऱ्या घासतात. इथलीच जागा बधिर करायची, छोटा छेद द्यायचा, म्यान मोकळं करायचं. वीसेक मिनिटांचं काम, त्याच दिवशी घरी. एखादीला कातडी थोडी बधिर राहते, तेही आधीच सांगते. पण हे कुणी केलं? हा बिब्याचा घाव भरल्याशिवाय मला सुरी लावता येणार नाही. तीन आठवडे गेले तुझे फुकट!"

त्यांनी कागदावर इंग्रजीत ऑपरेशनचं नाव लिहून दिलं. त्यातला शेवटचा शब्द होता 'रिलीज'. म्हणजे मोकळं करणं. घरी येऊन वर्षालीनं सासूला ती मुठीची तपासणी करून दाखवली, पण सोजरबाईनं तोंड फिरवलं.

आता चाकणच्या पट्ट्यात ह्या शब्दाचा अर्थ निराळाच आहे. ठेकेदाराच्या माणसाला कंपनीतून काढलं की 'रिलीज केला' म्हणतात. नवनाथ स्वतः दिवाळीआधी असाच रिलीज झाला होता आणि चार महिने घरात बसून होता. फ्रिजवर ठेवलेला तो कागद त्याला दिसला. दहावी नापास गड्यानं अख्ख्या कागदावरचा तेवढा एकच शब्द वाचला.

"रिलीज झालीस? आन् मला सांगितलं न्हाईस?"

"अहो, त्ये तसं न्हाई..."

पुढचं तिला बोलूच दिलं नाही. पहिला फटका तोंडावर बसला, ओठ फुटला. दुसरा पाठीत. "दे अजून एक," सोजरबाई बसल्या जागेवरून बोलली, "कामचुकार मेली!" वर्षालीच्या डाव्या कडेवर निशिगंधा होती. नवनाथनं सुजलेलं मनगटच पकडलं आणि कपडा पिळावा तसं पिरगाळलं.

वर्षाली गुडघ्यावर कोसळली. कडेवरचं लेकरू सुटलं!

सोजरबाईनं कशी उडी घेतली, देव जाणे. फरशीपासून वीतभर उंचीवर तिनं नातीला झेललं. पोरीच्या पांढऱ्या झबल्यावर लाल डाग. आजीनं लेकराचं डोकं चाचपलं, पाठ चाचपली, कुठे लागलं ते शोधत राहिली. रक्त लेकराचं नव्हतंच. बिब्याचा घाव उकलला होता, त्याचं होतं.

तेवढ्यात परवीन आत घुसली. "नवनाथभाऊ, हात सोडा! कागद वाचता येत नाही तर विचारा ना कुणाला. नोकरी गेली नाही तिची. ऑपरेशनचं नाव आहे ते!"

"ऑपरेशन?" नवनाथ चाचरला. "शीर कापली म्हणजे हात लुळाच पडंल की."

परवीननं आपला अंगठा त्याच्या नाकासमोर धरला. मुळाशी तांदळाच्या दाण्याएवढा पांढरा वण होता. "मागल्या वर्षी झालं माझं. महिन्याभरात ब्लाउज शिवायला लागले. परवा तुमच्या आईची चोळी कुणी शिवली, ह्याच हातानं ना? भाऊ, तिचा हात डॉक्टर लुळा करणार नाही. तुम्ही करताय!"

वर्षालीचं मनगट सोडून नवनाथ दाराकडे वळला. पण सोजरबाई उठली. लेकरू परवीनकडे दिलं आणि पोरासमोर उभी राहिली.

"मूठ मिट. अंगठा आत घाल."

"आये, काय लावलंस..."

"मिट म्हणते ना!"

वर्षालीनं घरी येऊन दाखवलं होतं, तसंच सोजरबाईनं लेकाचं मनगट खाली दाबलं, पण चांगला जोर लावून. "आईगं!" नवनाथनं हात ओढून घेतला.

"धडधाकट हाताला कळ आली तुझ्या. तिच्या तर आत निखारा हाय!" सोजरबाईचा आवाज फाटला. "तू एकटा कसाई न्हाईस. तिच्या छातीवर गुडघा माझा व्हता. ती वरडू नये म्हणून बोळा म्या घातला. आन् आत्ता 'दे अजून एक' कोण म्हणलं? म्या! लेकरू गेलं असतं, नवनाथ, आज लेकरू गेलं असतं!"

आणि ती म्हातारी, जिनं उभ्या जन्मात सुनेपुढे मान वाकवली नव्हती, वर्षालीच्या पायाशी बसली. ती तिच्या मनगटाला स्वच्छ फडकं बांधायला लागली. वर्षालीनं हात मागे ओढला. का नाही ओढणार? तिनं चार वेळा ओढला, पाचव्यांदा बांधू दिलं.

घाव भरायला तीन आठवडे लागले. ऑपरेशनच्या दिवशी नर्सनं कागद पुढे केला. वर्षालीनं डाव्या हातानं वेडीवाकडी सही केली. "नातेवाइकाची पण लागेल," नर्स म्हणाली. नवनाथनं पेनकडे हात नेला.

"तुमी नगं," वर्षाली सासूकडे बघत शांतपणे म्हणाली. "आत्या करतील."

"मला कुठं सही येती गं," सोजरबाई ओशाळली. नर्सनं शाईचा पॅड सरकवला. सोजरबाईनं अंगठा शाईत बुडवला, कागदावर दाबून उठवला आणि तोच काळा अंगठा लेकापुढे धरला.

"बघून ठिव. फिरून हिच्यावर हात उचललास, तर पोलिस चौकीतल्या कागदावरबी ह्योच उठवीन."

मंडळी, हे आपल्या सगळ्यांच्या घरांसाठी आहे. कुणी दुखतंय म्हणालं तर त्याला नाटकी म्हणू नका. त्याला ओढू नका, डागू नका, डॉक्टरकडे न्या. कागद कळला नाही तर विचारा, विचारण्यात कमीपणा नाही. आणि घरात कुणी हात उगारत असेल, तर कोपऱ्यात बसून बघणारे तुम्हीही त्या मारात वाटेकरी आहात. उठा आणि तो हात धरा, मग तो पोटच्या पोराचा का असेना!