कावळ्याची झडप

मित्रांनो, काळ्या दगडाची, कड फुटलेली एक जुनी डोण तुमच्याशी बोलते आहे. सोलापुरात, भवानी पेठेतल्या एका परसात, कडुनिंबाखाली मी अर्धी जमिनीत रुतून बसले आहे. पाथरवटाने मला जनावरांच्या पाण्यासाठी घडवले. पुष्कळ वर्षे या घरची म्हैस माझ्यात तोंड घालत होती. आलेगेले माझ्या कडेवर हात फिरवून म्हणत, "एकसंध दगड आहे हो!" मग म्हैस मेली. माझ्यात पाला कुजला, शेवाळ माजले, आणि माझ्याकडे कुणी फिरकेना.

मला पुन्हा पाणी दाखवले ते शकुंतलेने. ती मोहोळची. एकनाथ मास्तरांशी लग्न होऊन ती या घरी आली आणि रोज सकाळी मला घासून भरू लागली. तिला आई नव्हती. वडील यज्ञेश्वरपंत यांनी तिला एकट्याने वाढवले होते. त्यांचे हृदय दुबळे होते, म्हणून पाणी ओतताना ती कधी कधी मोहोळच्या दिशेला बघत उभी राही.

पाणी आले तशी पाखरे आली. सातभाई घोळक्याने येऊन भांडत आंघोळ करीत. बुलबुल शेपटीखालचा तांबडा डाग मिरवीत. एक कावळा तर वाळकी भाकरी आणून माझ्या पाण्यात टाकी, ती मऊ होईपर्यंत थांबे आणि मगच खाई. मी थक्क होई.

पण खरा धक्का बसला तो १९३१च्या उन्हाळ्यात. कावळ्यांच्या जोडीने कडुनिंबावर काटक्या, तारेचे तुकडे आणि गिरणीतल्या सुताचा गुंता रचून घरटे बांधले होते. एके दिवशी काळा कोकीळ मुद्दाम घरट्यापाशी येऊन ओरडू लागला. दोन्ही कावळे त्याच्यामागे धावले. तेवढ्यात ठिपक्याठिपक्यांची कोकिळा पानांतून सरकत आली, घरट्यात क्षणभर बसली आणि उडून गेली. अंडे मला खालून दिसले नाही. पण पुढे पिले घरट्याबाहेर माना काढू लागली, तेव्हा त्यांतले एक निराळे होते, आणि कावळी त्यालाच जास्त घास भरवत होती! मी दगड, तरी हबकले. इतकी धडधडीत फसवणूक! माणसे काय करतात, ते अजून पाहायचे होते.

एका सकाळी शकुंतला घागर घेऊन आली आणि वरून कावळीने झडप घातली. पंख तिच्या डोक्यावर फटकन आपटले. घागर माझ्यावर आदळली.

सासूबाई रंभाबाई ओसरीवरून ओरडल्या, "अगं बाई! कावळा डोक्यावर बसला! एकनाथ, मोहोळला कळव, शकुंतला गेली म्हणून!"

त्या काळी रीतच तशी होती. कावळा डोक्यावर बसला की मरण ओढवते, असे समजत. मग जवळच्या माणसांना मरणाची खोटी बातमी पाठवायची. ती माणसे रडली की अपशकुन टळला. खरे काय ते मागाहून सांगायचे.

"सासूबाई, अण्णांना नको," शकुंतला म्हणाली. "त्यांना सोसणार नाही."

"घटकाभर रडतील. तुझ्याच जिवासाठी ना?"

एकनाथ मास्तर शाळेत शास्त्र शिकवीत. त्यांनी जमिनीकडे पाहत म्हटले, "रीत आहे. होऊन जाऊ दे." वर झाडाकडे मात्र त्यांनी पाहिले नाही.

मेंढरांचा धनी मायाप्पा मोहोळच्या बाजाराला निघाला होता. त्याच्या गळ्यात ही कामगिरी पडली. रंभाबाईंनी त्याला बजावले, "आधी गेली म्हणून सांग. रडले, की लगेच खरं सांग."

"व्हय काकू. पर जीभ वळंल का माजी?" असे पुटपुटत तो गेला.

बाजाराच्या दुसऱ्या दिवशी परसाचे दार धाडकन उघडले. यज्ञेश्वरपंत आत आले. डोईवर पागोटे नव्हते, डोळे सुजले होते, काखेत हिरवे लुगडे होते. सवाष्ण गेली की शेवटचे लुगडे माहेरचे नेसवतात, ते. समोर शकुंतला माझ्यात पाणी ओतत होती.

तिला पाहताच ते माझ्या कडेवर कोसळल्यासारखे बसले. "अण्णा!" शकुंतलेने त्यांना धरले आणि त्यांच्या तोंडावर पाणी मारले. तिचा हात त्यांनी चाचपून पाहिला, पुन्हा पुन्हा पाहिला.

मागून मायाप्पा धापा टाकीत आला. "आगगाडीत वाटभर सांगतोय की, पोर जित्ती हाय! म्हनत्यात, गप, माजी समजूत काडू नगंस. खोटं एका दमात पटलं, आन् खरं न्हाय ते न्हायच!"

इतक्यात कावळीने पुन्हा झडप घातली, ती यज्ञेश्वरपंतांच्या उघड्या डोक्यावर. पंतांनी मान वर केली. फांदीवर घरटे होते आणि त्यातून लाल चोची वासलेल्या होत्या.

"विहीणबाई," ते हळू आवाजात म्हणाले, "तिची पिलं आहेत वर. जवळ येईल त्याला ती मारते. आता माझ्या मरणाची बातमी कुणाला धाडता?"

रंभाबाईंनी पदर तोंडाला लावला. मग लुगड्याकडे बोट दाखवून त्या म्हणाल्या, "ते लुगडं तेवढं घरात नको. अशुभ आहे. कुणाला तरी देऊन टाका."

शकुंतलेने लुगडे वडिलांच्या काखेतून काढून घेतले. "अण्णांनी मला नेसवायला आणलंय," ती म्हणाली. "मी माझ्या हातानं नेसते."

ती आत गेली आणि तेच नेसून बाहेर आली. यज्ञेश्वरपंत तिला पाहून हसायला गेले आणि मोठ्याने रडले.

मित्रांनो, दगडाला अक्कल शिकवण्याचा अधिकार नाही. पण एवढे ऐका. पाखरू अंगावर आले तर भिऊ नका, त्याला दगडही मारू नका. दोन पावले मागे व्हा आणि त्याला काय जपायचे आहे, ते डोळे उघडून पाहा. आणि ज्याचा जीव तुमच्यात अडकला आहे, त्याला कुठल्याही रीतीपायी असे रडवू नका.